केळीची पहिली खेप

रविकांतला ट्रक चालवता येत होता, पण तो चालवायला कुणी देत नव्हतं. ट्रक शेषेरावांचा होता, स्टिअरिंग लिंबाजीमामाकडं होतं आणि रविकांत डावीकडच्या सीटवर होता. खिशात अवजड वाहनाचं लायसन्स होतं, घरी ट्रंकेत आयटीआयचं डिझेल मेकॅनिकचं सर्टिफिकेट होतं, आणि हातात बहुतेक वेळा ताडपत्रीची दोरी असायची. या धंद्यात नव्या माणसाचं असंच असतं. लायसन्स आरटीओ देतं, गाडी मालक देतो, आणि मालकाला कधी द्यावीशी वाटेल याला काही नियम नाही.

तो चाकूरजवळच्या एका खेड्यातला. लातूरला आयटीआय केल्यावर तो तिथल्याच एका गॅरेजमध्ये राबला. दिवसभर गाडीखालच्या खड्ड्यात पाठीवर पडून राहायचं आणि संध्याकाळी डोळ्यांतलं ऑईल पुसत खोलीवर जायचं. गॅरेजला येणारे ड्रायव्हर काल सोलापूरला होते आणि उद्या हैदराबादला असायचे. तो मात्र त्याच खड्ड्यात. मग त्यानं ठरवलं, गाडीखालून निघायचं आणि गाडीत बसायचं.

पुढचंही त्यानं ठरवून ठेवलं होतं. आधी एखाद्या जाणत्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून हंगाम काढायचे. मग गाडी स्वतःच्या हातात घ्यायची. एकट्यानं चालवल्याचा दोन-तीन वर्षांचा अनुभव गाठीला बांधला, की एसटीच्या भरतीत उभं राहायचं. एसटी नाहीच झाली तर कंपनीचा टँकर. पण एसटी व्हायचीच. खाकी शर्ट, ठरलेला पगार, ठरलेली सुट्टी.

एकदा अहमदपूरच्या ढाब्यावर त्यानं हे सगळं लिंबाजीमामाला सांगितलं. मामानं भाकरीचा घास चावून संपवला, वर पाणी पिऊन घेतलं आणि मग विचारलं, "तू ड्रायव्हर व्हायला आलास का तलाठी?"

"का हो मामा?"

"एवढं पुढचं तलाठीच मांडून ठेवतो. ड्रायव्हरनं पुढल्या गतिरोधकापर्यंतचं बघावं."

लिंबाजीमामाचं सगळं आयुष्य धान्यावर गेलं होतं. सोयाबीन, तूर, हरभरा. खेड्यातून भरायचं आणि लातूरच्या आडतीवर नाहीतर तेलाच्या मिलवर उतरवायचं. दुसरा माल त्यानं कधी वाहिला नाही आणि त्याला वाहावासा वाटलाही नाही. रविकांतला तो गाडी द्यायचा, पण फक्त रिकामी. माल उतरला, हौदा झाडून झाला, की म्हणायचा, "घे." आणि माल भरला की परत, "सरक." रविकांतनं कारण विचारलं तेव्हा मामा म्हणाला होता, "रिकामी ठोकली तर पत्रा जातो. भरलेली ठोकली तर मालक जातो."

चालवण्यापेक्षा मामानं जास्त शिकवली ती ताडपत्री. पहिल्या खेपेला रविकांतनं बांधलेली ताडपत्री त्यानं लोह्याला भर रस्त्यात सोडायला लावली आणि परत बांधून घेतली. "सोयाबीनला हवा लागली की ओल धरतं. ओल धरलं की व्यापारी मूठभर घेऊन नाकाला लावतो, अन मग आपण उन्हात दिवसभर उभं. चारी बाजूनं खाली ओढ. एक कडी सोडू नको. दोरी वाजली पाहिजे." असं म्हणून तो ताणलेल्या दोरीला बोट लावायचा. ती एकतारीसारखी वाजली तरच पुढं निघायचं. हिवाळा संपेपर्यंत रविकांतच्या तळहातांना घट्टे पडले आणि त्याची दोरी मामाच्या दोरीपेक्षा चांगली वाजायला लागली.

बाकीचं काम म्हणजे थांबणं. चालवण्यानं माणूस दमतो असं बाहेरच्यांना वाटतं, पण ड्रायव्हर दमतो तो थांबून. माल भरायला थांबा, वजनकाट्यावर थांबा, आडतीवर नंबर येईपर्यंत थांबा. झोप लागावी म्हटलं तर हमाल उठवतो, आणि जागं राहावं म्हटलं तर करायला काही नसतं. हिवाळ्याअखेर रविकांत घरी गेला, तेव्हा आई, तारामती, त्याच्याकडं बघून म्हणाली, "गाडीत बसून राहतूस म्हणं. मग एवढा वाळलास कशानं?"

उन्हाळा लागला आणि लिंबाजीमामाच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. नांदेडला ऑपरेशन झालं आणि डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून मामा लेकाकडं जाऊन पडला. उभ्या गाडीचं करायचं काय, हा शेषेरावांचा प्रश्न होता. शेषेराव अहमदपूरकडचे शेतकरी. शेती बघता बघता त्यांनी हा एक ट्रक घेतला होता. स्वभावानं वाईट नव्हते, पण कुणाला दोन वेळा सांगायची त्यांची सवय नव्हती. त्यांचा रविकांतला फोन आला.

"अर्धापूरहून केळी हायत. लातूरला पिकवायच्या चेंबरात पोचवायची. मामा तर पडलाय. उदगीरच्या मल्लेशला बोलावू म्हणतो, तो केळीवरच असतो."

"मी जातो की मालक."

"एकटा?"

"हाव."

 मग शेषेराव म्हणाले, "जा. ही खेप नीट पोचव. पोचली तर पावसाळ्यापर्यंत गाडी तुझ्या हातात. न्हाई पोचली तर मल्लेश."

"अन मामा?"

"मामाला दिसू दे आधी."

रविकांतनं घरी कळवलं. तारामतीनं निम्म्या गावाला कळवलं, आणि गाडी चाकूरवरून जाईल तेव्हा फाट्यावर नारळ घेऊन उभी राहते, असं सांगून टाकलं.

अर्धापूरच्या त्या बागेत तो पोचला तेव्हा कापणीची टोळी कामाला लागलेली होती. खांद्यावर कच्च्या केळीचे हिरवे घड घेऊन माणसं ओळीनं यायची, हौद्यात चढलेले दोघं ते झेलायचे, खाली पाला, वर घड, परत पाला, असे थर लावत जायचे. त्यांच्या सगळ्यांच्या शर्टांवर चिकाचे काळे डाग होते. तो डाग कुठल्याच साबणानं जात नाही. गाडी भरून झाल्यावर त्यांनी ताडपत्री नुसती वरून टाकली. पुढचे दोन कोपरे बांधले, बाजूच्या दोऱ्या ढिल्या सोडल्या आणि मागं फाळक्यावर चांगली हातभर फट राहू दिली.

"निघा ड्रायव्हर," मुकादम म्हणाला. "वाटंत थांबू नका." आणि टोळी मोटारसायकलींवर बसून पुढच्या बागेला गेलीसुद्धा.

कुणीतरी आपल्याला ड्रायव्हर म्हटलं, याच्या आनंदात रविकांत गावाबाहेर आला. मग आरशात त्याला ती ताडपत्री दिसली. वाऱ्यानं फडफडत होती, मागचा कोपरा उडत होता. टोळीची माणसं घाईत असतात, हात झटकून मोकळी होतात, त्याच्या मनात आलं. डिझेल पंपावर त्यानं गाडी बाजूला घेतली आणि मामाच्या हाताखाली जे शिकला होता ते सगळं केलं. चारी बाजूंनी ताडपत्री खाली ओढली. फट बुजवली. एकही कडी सोडली नाही. घामानं शर्ट पाठीला चिकटला, पण काम असं झालं की गाडीला शिंप्यानं कापड शिवल्यासारखं दिसावं.

त्यानं मामाला व्हिडिओ कॉल लावला. पट्टी बांधलेला चेहरा फोनमध्ये आला.

"मला काय दिसतंय त्यात," मामा म्हणाला. "वाजवून दाखव."

रविकांतनं फोन दोरीजवळ नेऊन तिला बोट मारलं. दोरी टणकन वाजली.

"शाबास," मामा म्हणाला. "जा आता."

नांदेड पार करेपर्यंत ऊन चढलं. लोहा सोडल्यावर काही वेळानं इंजिनच्या तापमानाचा काटा वर सरकायला लागला. रविकांतला हे ओळखायला काटा बघायचीही गरज नव्हती. केबिनमध्ये कूलंटचा गोडसर वास आला होता. माळाकोळीच्या अलीकडं त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला लावून बॉनेट उघडलं. रेडिएटरचा होज पाइप फुटला होता.

दुसरा कुणी नवा ड्रायव्हर असता तर घाबरला असता. रविकांतला उलट बरंच वाटलं. हे त्याचं काम होतं. एका पोराच्या मोटारसायकलवर मागं बसून तो लोह्याला गेला, दोन दुकानं पालथी घालून मापाचा पाइप आणि नव्या क्लिपा घेऊन आला. इंजिन गरम असताना रेडिएटरमध्ये गार पाणी ओतायचं नाही, हे गॅरेजमधलं पोरगंसुद्धा जाणतं. म्हणून तो ट्रकच्या सावलीत बसून राहिला. मधून मधून उठून इंजिनला हात लावून बघायचा. अजून गरम. परत बसायचा. आजूबाजूला एक झाड नव्हतं. डांबर मऊ पडलं होतं. इंजिन निवल्यावर त्यानं पाइप बसवला, क्लिपा आवळल्या, ढाब्यावरून पाणी आणून भरलं आणि गाडी चालू केली. काटा जागेवर होता.

शेषेरावांना फोन करून त्यानं सांगितलं.

"मेकॅनिक कोण आणलास?" त्यांनी विचारलं.

"मीच हाय की मालक."

शेषेराव चक्क हसले. "मग जमलं म्हण की काम. ये लातूरला पोचवून. बोलू."

ते "बोलू" ऐकून रविकांतचा निम्मा शीण गेला. पुढचा सगळा रस्ता तो काट्याकडं बघत आला. इंजिनच्या काट्याकडं.

चाकूरच्या फाट्यावर तारामती खरंच उभी होती, बरोबर गल्लीतल्या तिघी-चौघी. तिनं ट्रकच्या पुढच्या चाकाला हळद-कुंकू लावलं, बंपरला हार बांधला, नारळ फोडला. मग मुलाची गाडी म्हणून तिनं तिच्या अंगावरून हात फिरवला आणि ताडपत्रीशी तो थांबला.

"लई गरम लागायलंय रे हे."

"उन्हातनं आलीय माय. गरमच लागणार."

"चहा तरी घे मग. उसाचा रस आणू का?"

तो चहा प्याला. शेजारणींनी केबिनमध्ये वाकून बघितलं. एकीनं विचारलं, "एसटी कधी चालवायलास मग?" रविकांत हसला आणि म्हणाला, "होईल की, मावशी."

लातूरला पोचेपर्यंत दिवस कलला होता. केळी पिकवायचं चेंबर गावाबाहेर होतं. दारावरच्या माणसानं सांगितलं, आतला माल निघाल्याशिवाय जागा नाही, सकाळी उतरवू. रविकांतनं वाद घातला नाही. थांबणं त्याला नवं नव्हतं. गाडी भिंतीला लावली, दोऱ्या एकदा तपासल्या, एकही ढिली झाली नव्हती, आणि सीटवर आडवा झाला तो सकाळीच उठला.

चेंबरचे मालक गुरुबसप्पा सकाळी पांढऱ्या शर्टात, कपाळाला भस्म लावून आले. गाडीकडं बघून ते जागच्या जागी थांबले.

"हे काय आणलंस? केळी हायत का गहू?"

"केळी हायत आप्पा."

"मग अशी आवळलीस कशाला?"

रविकांतनं दोऱ्या सोडल्या. ताडपत्री मागं सारली तशी भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढल्यागत वाफ तोंडावर आली.  बाही वर सारून गुरुबसप्पांनी पाल्याच्या खाली खोल हात घातला, मधल्या थरातलं एक केळं ओढून काढलं आणि मोडलं. बाहेरून ते हिरवंगार होतं. आतून मऊ, पिवळट, शिजल्यासारखं.

"हे आता चेंबरात घातलं तरी रंग धरत न्हाई," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, त्यामुळं ऐकायला जास्त जड गेलं. "हिरवंच राहतंय अन गळून पडतंय. कच्ची केळी श्वास घेतात रे. आत उष्णता धरतात. म्हणून ढिली ठेवतात, चालत्या गाडीत वारं जाऊ देतात. कुठं थांबला होतास?"

"माळाकोळीला. पाइप फुटला होता."

"किती वेळ?"

रविकांतनं सांगितलं. सांगताना त्याला स्वतःचाच हात दिसत होता, पुन्हा पुन्हा इंजिनवर ठेवलेला.

गुरुबसप्पांनी शेषेरावांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. कडेचा, वरचा माल घेतो, मधला गोठ्यावर टाकावा लागेल, एवढंच ते बोलले. मग शेषेरावांनी विचारलं, "बांधली कुणी? टोळीनं का?"

गुरुबसप्पांनी रविकांतकडं बघितलं. टोळी अर्धापूरला होती. इथं येऊन सांगणार कोण होतं?

"मी बांधली मालक," रविकांत म्हणाला. "त्यांनी ढिलीच ठेवली होती."

 "बरं," शेषेराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

माल उतरवायला दुपार झाली. रविकांत हमालांच्या बरोबरीनं उतरवत होता, कुणी सांगितलं नव्हतं तरी. गरम पाल्याचा आंबूस वास अंगाला लागला, शर्टावर चिकाचे डाग पडले. प्रत्येक घड गुरुबसप्पा दाबून बघायचे आणि नुसत्या बोटानं दाखवायचे, इकडं की तिकडं. तिकडचा ढीग वाढत गेला.

मधेच लिंबाजीमामाचा फोन आला. "मालकाला सांगितलं मी. म्हणलं, दोरी मीच वाजवून घेतली होती. पोराचा दोष न्हाई."

"कशाला सांगितलंत मामा?"

"खरं हाय म्हणून."

"मग काय म्हणले?"

"म्हणले, तुम्ही दोघंबी धान्याचेच. केळीला मल्लेश येऊ द्या." मग स्वतःबद्दल म्हणाला, "आयुष्यात कधी केळं वाहिलं न्हाई रे मी. खाल्लं फक्त."

त्यानंतर शेषेरावांचाही आला, दोन वाक्यांचा. मल्लेश निघालाय, किल्ली त्याला दे. तुला राहायचं तर शेजारी राहा, न्हाई तर घरी जा.

आईला कळवणं भाग होतं. चेंबरच्या भिंतीच्या सावलीत बसून त्यानं फोन लावला.

"माय, गाडी मिळाली न्हाई."

"कुणी घेतली?"

"उदगीरचा एक हाय. माल खराब झाला, माझ्याकडनं."

 गल्लीत कुणाकुणाला काय सांगायचं, हे ती मनात लावत असावी. "मग घरी येतूस का?"

तेच तर तो सकाळपासून स्वतःला विचारत होता. गॅरेजवाला परत घेईल, त्याला खात्री होती. खड्डा ओळखीचा होता, पाठ टेकायची जागाही ओळखीची. इथं म्हणजे परत डावी सीट, परत पहिल्यापासून मोजणी. एसटीची भरती निघेल तेव्हा दाखवायला काय असेल, तर शेजारी बसल्याचा अनुभव. विचार करायचाही त्याला कंटाळा आला होता.

"न्हाई," तो म्हणाला. "शेजारी बसतो."

"बस मग. पण झोपू नको. झोपलेल्या माणसाला कुणी गाडी देत न्हाई."

मल्लेश उदगीरच्या बसनं आला. चाळिशीचा, पोट सुटलेला, खांद्याला एक रेक्झिनची पिशवी. त्यानं किल्ली घेतली, गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला पाय लावून बघितला आणि हौद्यात डोकावला. रविकांत हौदा धूत होता.

"तूच का तो?"

"हाव."

"पाइप बदललास म्हणं रस्त्यात."

"हाव."

"मला पानासुद्धा धरता येत न्हाई," मल्लेश म्हणाला. "गाडी बंद पडली की मी उतरून बिडी ओढतो." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता की कौतुकही. तो स्टिअरिंगवर बसला. पुढची खेप भरायला अर्धापूरला जायचं होतं. रविकांत डावीकडून चढला. सीट त्याच्या पाठीला अजून ओळखत होती.

चाकूर आलं आणि गेलं. फाट्यावर कुणी नव्हतं. मल्लेश कमी बोलायचा. उदगीरकडं धाकट्याला तम्मा म्हणतात, तसं त्यानं दोन-तीनदा म्हटलं, तेवढंच.

"तम्मा, पुढं काय करायचं ठरवलंयस?"

रविकांतला सांगायची इच्छा नव्हती, पण मग त्यानं सांगितलं. एसटी.

मल्लेशनं मान हलवली. "मीबी एसटीच ठरवली होती."

"मग?"

"मग काय. एका हंगामाला केळी लागली. मग दुसऱ्या. चालवतच राहिलो."

तो उदास होऊन बोलला नाही, आणि तेच रविकांतला जास्त लागलं. बाहेर नांगरून पडलेली काळी रानं मागं जात होती. आपण याच्या वयाचे झाल्यावर, शेजारी बसलेल्या कुणा नव्याला असंच सांगणार का, हा विचार त्याला शिवून गेला. त्यानं तो धरून ठेवला नाही. धरायला अंगात बळ नव्हतं.

अहमदपूरला ते जेवले. माळाकोळी ओलांडताना रविकांतनं रस्त्याच्या त्या कडेकडं बघितलं. डांबरावर कूलंटचा डाग पण राहिला नव्हता. लोह्याच्या पुढं मल्लेशनं गाडी बाजूला घेतली. रविकांतला वाटलं लघवीला. पण मल्लेश इंजिन चालूच ठेवून खाली उतरला आणि फिरून डावीकडच्या दाराशी आला.

"सरक तिकडं. माझी कंबर धरलीय."

रविकांत हलला नाही. "मालकानं मला दिली न्हाई गाडी."

"भरलेली दिली न्हाई. रिकामी चालवायला कुणाचं काय जातंय? पाठ टेकतो मी जरा."

रविकांत सरकला. स्टिअरिंग उन्हानं तापलेलं होतं. गाडी हलकी होती, खड्ड्यात हौदा वाजायचा. मल्लेश शेजारी बसल्या बसल्या घोरायला लागला. नांदेडच्या गर्दीतून, पुलावरून, नुसत्या क्लच आणि ब्रेकवर रविकांतनं गाडी काढली, आणि मल्लेशला जाग आली नाही. कुणाला दाखवायचं नव्हतं, कुणी बघत नव्हतं. बराच वेळ त्याच्या मनात काहीच आलं नाही, एसटी नाही की केळी नाही, फक्त पुढचं वळण आणि त्याच्या पुढचं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू झाल्या, तसा त्यानं वेग कमी केला. पुढं गाडी भरायची होती, म्हणून अर्धापूरच्या अलीकडंच त्यानं ती कडेला लावली आणि मल्लेशला हलवलं. मग दार उघडून खाली उतरला, गाडीला वळसा घातला आणि डावीकडं येऊन मल्लेश सरकायची वाट बघत उभा राहिला.